जोहार, जयभीम, निस्तार : ठरलेल्या बोलांचे समाजशास्त्र

भाषेची चर्चा निघाली की आपण शब्दांबद्दल बोलतो, व्याकरणाबद्दल बोलतो, प्रमाण आणि बोली यांच्या भांडणाबद्दल बोलतो. या सगळ्यात एक गोष्ट निसटते. माणूस रोजच्या व्यवहारात प्रत्येक वाक्य नव्याने घडवीत नाही. त्याच्या बोलण्याचा मोठा भाग आधीच घडलेला असतो. भेटल्यावर काय म्हणायचे, कुणी मेले तर काय म्हणायचे, मागायचे कसे, नाकारायचे कसे, शिवी कोणती द्यायची, आशीर्वाद कोणता द्यायचा, हे सारे ठरलेले असते. वाक्प्रचार, म्हणी, अभिवादने, प्रतिज्ञा, घोषणा, शिव्या, पत्रिकेचा मायना, कज्जेदलालीतील ठराविक शब्द या सर्वांना मी येथे सोयीसाठी ‘ठरलेले बोल’ म्हणतो. हे बोल कोणी ठरविले, ते आपल्या तोंडी कसे आले आणि तोंडातून कसे गेले, हा प्रश्न वरवर पाहता भाषाशास्त्राचा आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शिकविताना मला सतत जाणवते की तो हक्काचा आणि माणुसकीचाही प्रश्न आहे.

प्रथम हे बोल शिकले कसे जातात ते पाहू. शाळेतील व्याकरणामुळे आपली अशी समजूत झालेली असते की मूल आधी शब्द शिकते आणि मग ते जोडून वाक्य करते. प्रत्यक्षात मूल पुष्कळदा उलट्या दिशेने जाते. ते अख्खा तुकडा उचलते. त्या तुकड्यात किती शब्द आहेत, प्रत्येकाचा अर्थ काय, याचा त्याला पत्ता नसतो. हा तुकडा केव्हा वापरायचा एवढे मात्र त्याला नेमके कळलेले असते. नंतर हळूहळू ते तो तुकडा फोडते आणि आतले शब्द सुटे करते. अ‍ॅन पीटर्स या अमेरिकन अभ्यासिकेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मुलांच्या भाषाशिक्षणाची हीच बाजू पुढे आणली. आपल्या वस्तीत हे समजायला पुस्तक लागत नाही. दीड वर्षाचे पोर पाहुण्यासमोर हात जोडून ‘जयभीम’ म्हणते. भीम कोण, जय म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. पण घरात माणूस आला की हे म्हणायचे आणि समोरूनही हेच ऐकू येते, एवढे त्याला पक्के कळलेले असते. अर्थाच्या आधी त्याला नाते कळते.

मोठी माणसेही असेच शिकतात. त्याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, लोकांना दीक्षा दिली. माझी आजी त्या गर्दीत होती. तिला अक्षरओळख नव्हती. त्रिशरण आणि पंचशील पाली भाषेतले. ती भाषा तिच्या घरात, गावात, पिढ्यांत कोणी बोललेले नव्हते. तरी तिने आणि तिच्यासारख्या असंख्य बायाबापड्यांनी ते अख्खेच्या अख्खे उचलले आणि जन्मभर सांभाळले. एक संपूर्ण समाज थोड्या काळात नवे ठरलेले बोल शिकला, असे जगात फार क्वचित घडते. ते घडू शकले, कारण त्या बोलांना प्रसंग होता. बावीस प्रतिज्ञा उच्चारणे म्हणजे माहिती सांगणे नव्हते. उच्चार हीच कृती होती. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत हेच मांडले की काही वाक्ये जगाचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारताच जगात काही बदलते. त्या व्याख्यानांनंतर वर्षभराने चांद्याच्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसांना हे तत्त्वज्ञान कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हे बोल मनात खोल रुततात, हेही आजीमुळेच मला पाहायला मिळाले. म्हातारपणी तिला लकवा झाला आणि वाचा गेली. पाणी हवे तर ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे; नातवंडांची नावे येत नसत. परंतु सकाळी कोणी त्रिशरण सुरू केले की ती शेवटपर्यंत सोबत म्हणे. एकापासून वीसपर्यंत अंक म्हणे. कोंबडी भांड्यात शिरली की शिवीही अगदी स्वच्छ देई. शेजारीपाजारी याला चमत्कार समजत. चमत्कार नव्हता. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकातच अशा रोग्यांचे निरीक्षण करून ठेवले होते. ज्यांची वाक्य घडविण्याची शक्ती जाते, त्यांच्याजवळ प्रार्थना, मोजणी, शिव्या, अभिवादने बऱ्याचदा शिल्लक राहतात. घडविलेली भाषा आणि साठविलेली भाषा यांचा मेंदूतील व्यवहार सारखा नसतो. म्हणूनच लहानपणी आपल्या तोंडात कोणते बोल बसविले गेले, हा साधा प्रश्न नाही. सगळे गेल्यावर जे उरते, ते हेच.

आता वापराकडे वळू. ठरलेला बोल म्हणजे केवळ ठरलेले शब्द नव्हेत. कोणी, कोणाला, कोठे उभे राहून म्हणायचे आणि त्याला उत्तर काय यायचे, हेही त्यात ठरलेले असते. महाराष्ट्राच्या गावगाड्यात ‘रामराम’ एकाचा आणि ‘जोहार’ दुसऱ्याचा अशी वाटणी होती. महाराने पाटलापुढे, देशमुखापुढे ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. तेही अंतर राखून, वाकून. पलीकडून ‘जोहार’ परत येत नसे. मान हलली तर हलली. भाषाशास्त्रात रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये संबोधनांविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. दोघेही एकमेकांना एकच संबोधन वापरतात तेव्हा तेथे बरोबरी किंवा जवळीक असते. एकाने एक वापरायचे आणि दुसऱ्याने दुसरे, अशी रीत असते तेव्हा तेथे सत्ता असते. त्यांनी युरोपातील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तपासले. आपण ‘जोहार’ तपासला तर हा सिद्धान्त अधिक उघडावाघडा दिसतो.

अभिवादन ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १७७९ साल आठवावे. सोनार लोक ‘नमस्कार’ म्हणतात अशी तक्रार पेशव्यांच्या दरबारातून मुंबईच्या कंपनी सरकारकडे गेली आणि कंपनी सरकारने सोनारांना तो शब्द न वापरण्याचा हुकूम काढला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची नोंद घेतली आहे. दोन सरकारे एका शब्दासाठी पत्रव्यवहार करतात, याचा अर्थ त्या शब्दात काय साठविले होते ते त्यांना पुरते ठाऊक होते.

या पार्श्वभूमीवर ‘जयभीम’ पाहावा. या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आलेले हे कार्यकर्ते. मुसलमानांमध्ये सलामाला सलामानेच उत्तर मिळते हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. आरंभी ‘जयभीम’ला ‘बलभीम’ असे उत्तर सुचविले गेले होते, असेही सांगतात. पुढे दोन्ही बाजूंनी ‘जयभीम’च राहिला. लोकांनी केलेली ही दुरुस्ती मला फार बोलकी वाटते. उत्तर वेगळे ठेवले तर पहिला कोण आणि दुसरा कोण हा भेद उरतो. एकच शब्द गेला आणि तोच परत आला की भेद संपतो. कलेक्टरने म्हटला काय आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईने म्हटला काय, उत्तर तेच. ‘जोहार’ गेला आणि ‘जयभीम’ आला, यात शब्दाच्या जागी शब्द आला एवढेच घडले नाही. एकतर्फी नात्याच्या जागी दुतर्फी नाते आले.

येथे एक गुंता आहे आणि तो आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. जो ‘जोहार’ आपल्या आजोबांनी टाकून दिला, तोच ‘जोहार’ आदिवासी बांधव अभिमानाने उच्चारतात. झारखंडपासून छत्तीसगडपर्यंत आणि आमच्या गडचिरोलीतही ‘जय जोहार’ ऐकू येतो. गोंड समाजात ‘जय सेवा’ म्हणतात. सभेत एका बाजूने ‘जोहार’ आला की आमच्यातील काही जुनी माणसे चपापतात. त्यांच्या कानात तो वाकलेल्या पाठीसह ऐकू येतो. आदिवासी मात्र तो एकमेकांना, ताठ उभे राहून, म्हणत आलेला आहे. अक्षरे तीच, उच्चार तोच, पण बोल दोन. शब्द स्वतः गुलाम नसतो आणि स्वतंत्रही नसतो. तो ज्या नात्यात उच्चारला जातो त्या नात्याचा असतो. हे समजले तर दलित आणि आदिवासी यांच्यामधील निष्कारण गैरसमज एका पायरीने तरी कमी होतील.

म्हणींची गोष्ट आणखी वेगळी. म्हण वापरणारा ‘मी म्हणतो’ असे म्हणत नाही. ‘म्हणतात ना’ अशी त्याची सुरुवात असते. म्हणीला कर्ता नसतो, म्हणून जबाबदारीही नसते. तिचे सामर्थ्य यात आहे आणि तिचा दुष्टपणाही यातच आहे. ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण घ्या. चांगल्यात काही वाईट असायचेच, एवढ्याच अर्थाने ती वापरली, जातीचा विचार मनातही नव्हता, असे वापरणारा सांगेल. कदाचित ते खरेही असेल. ठरलेला बोल सवयीने गुळगुळीत होतो. आतले शब्द दिसेनासे होतात. ‘तोंडात बोट घालणे’ म्हणताना कोणी बोटाचा विचार करीत नाही, तसेच हे. परंतु हा गुळगुळीतपणा सर्वांना सारखा मिळत नाही. ज्याचे घर त्या वाड्यात होते त्याच्यासाठी आतला शब्द कधीच पुसला जात नाही. बोलणाऱ्याला जी म्हण वाटते ती ऐकणाऱ्याला पत्ता वाटतो. भाषेच्या अभ्यासकांनी ‘अर्थ झिजला’ असा निर्वाळा देण्यापूर्वी तो कोणासाठी झिजला, हे विचारले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटीवरचे नाव शासन बदलू शकते. म्हणीतला वाडा शासननिर्णयाने उठत नाही. तो प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने हटकूनच उठवावा लागतो.

आता मुख्य प्रश्न: ठरलेले बोल नाहीसे का होतात? नेहमीचे उत्तर असे की वस्तू गेली की बोल जातो. जाते गेले, म्हणून ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण मुलांना कळत नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती आली. आणा व्यवहारातून केव्हाच गेला. सोळा आण्यांचा रुपया माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याने पाहिलेला नाही. तरीही ‘सोळा आणे खरे’ असे ती मुले आज सहज म्हणतात. उलट झाडीपट्टीत धान आजही पिकते, बांधी आहे, रोवणे आहे, पण रोवण्याच्या ओळीत बायका जे ठेवणीतले बोल, उखाणे, टोमणे एकमेकींना देत, ते त्यांच्या लेकींना येत नाहीत. म्हणजे वस्तू गेली तरी बोल राहतो आणि वस्तू राहिली तरी बोल जातो.

माझ्या मते बोल टिकतो तो प्रसंगावर आणि नात्यावर. खरे-खोटे ठासून सांगण्याचा प्रसंग आण्याबरोबर संपला नाही, म्हणून ‘सोळा आणे’ राहिला. सासवा-सुना, आज्या-नाती एका ओळीत वाकून रोवणे करीत, तो सहवास मात्र मोडला. लेक वसतिगृहात गेली, सून शिलाईच्या कामाला लागली. हंगाम संपला की कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली. ज्या ओळीत बोल हाताबरोबर दिला जाई, ती ओळच राहिली नाही.

हे मान्य केले तर बोल जाण्याचे तीन प्रकार वेगळे करता येतात, आणि ते वेगळे केलेच पाहिजेत. त्यांची सरमिसळ झाली की आपण एक तर सगळ्या जुन्याला कवटाळतो, नाही तर सगळे जुने फेकून देतो.

पहिला प्रकार टाकून दिलेल्या बोलांचा. ‘जोहार मायबाप’ कोणी आपल्याकडून हिरावून घेतला नाही. आपण तो टाकला. जो भाषेचा संग्राहक या लोपाबद्दल हळहळतो त्याने कोशात त्याची नोंद अवश्य ठेवावी. दाते-कर्वे यांच्या १९४२ ते १९४७ या काळात निघालेल्या वाक्संप्रदाय कोशासारख्या ग्रंथांचे मोल आहेच. परंतु कोशातली जागा आणि तोंडातली जागा वेगळी. काही बोलांनी कोशातच राहावे.

दुसरा प्रकार बदलून घेतलेल्या बोलांचा. बौद्ध समाजाने मृताच्या नावामागे ‘कै.’ किंवा ‘स्वर्गीय’ लावणे सोडले आणि ‘कालकथित’ हा शब्द घेतला. कैलास नाही, स्वर्ग नाही, तर मेलेल्या माणसाला तेथे पाठवायचे कशाला? लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’च्या जागी ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ आले. हा बदल किती अवघड असतो याचा एक अनुभव सांगतो. आमच्या घरातील एका मृत्यूनंतर आम्ही तालुक्याच्या गावी कार्ड छापायला दिले. हस्तलिखितात ‘कालकथित’ स्पष्ट लिहिले होते. छापून आले ‘कै.’. जुळारी दुष्ट नव्हता. त्याच्या बोटांत ‘कै.’ ठरलेला होता, इतकेच. प्रस्थापित संस्कृतीला दरवेळी कट करावा लागत नाही, तिची सवय पुरेशी असते. म्हणून बदलून घेतलेला बोल प्रत्येक पिढीला पुन्हा बदलून घ्यावा लागतो. आज मोबाईलवर कोणाच्या मृत्यूची बातमी आली की आपलीच शिकलेली मुले ‘देवाज्ञा झाली’ असा तयार मजकूर पुढे ढकलतात. विरोध म्हणून नव्हे, समर्थन म्हणूनही नव्हे. तो हाताशी होता म्हणून.

तिसरा प्रकार हिरावून घेतलेल्या बोलांचा, आणि येथे मी माझ्याच व्यवसायाकडे बोट दाखवितो. झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ ही व्यंजने नाहीत, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ‘डोळा’ येथे ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ ‘पानी’ होते. समजा, विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, ‘अभ्यास करता करता माझा डोरा लागला.’ शिक्षक ‘डोरा’वर लाल रेघ मारतो. त्या रेघेखाली काय गेले? ‘डोळा लागणे’ हा अस्सल मराठी वाक्प्रचार त्या मुलाला अचूक ठाऊक होता. अचूक प्रसंगी, अचूक रूपात त्याने तो वापरला होता. त्याच परीक्षेत ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला गुण असतात. म्हणजे जो वाक्प्रचार घरातून जिवंत आला त्याला शिक्षा आणि जो यादीतून पाठ केला त्याला गुण. दोनचार वेळा असे झाले की मूल शहाणे होते. घरचे बोल वर्गात काढत नाही आणि यादीतले बोल घरी काढत नाही. दोन्हीकडे ते मुके होते. चंद्रपुरात १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. संमेलनाचा मांडव आणि शाळेचा फळा यांच्यातील अंतर मात्र कमी झाले नाही.

गोंडी आणि माडिया मुलांची अवस्था याहून बिकट. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत देशभरात एकोणतीस लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. त्या मुलाला मराठी वाक्प्रचार सगळेच परके, आणि घरचे बोल लिहिण्याची तर सोयच नाही. भाषा मरताना काय घडते याचा अभ्यास नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत केला; त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये आले. ते कोळीही गावाबाहेरच्या आळीत राहणारे, हिणविले जाणारे लोक होते. त्यांच्या नव्या पिढीला गेलिक भाषेत मोठे वाक्य धड जुळविता येत नव्हते. पण अभिवादने, छोटी उत्तरे, ठरलेले उद्गार येत होते, आणि तेवढ्या बळावर ती पिढी अजून त्या समाजात बसू-उठू शकत होती. भाषेचे घर पडते तेव्हा उंबरठा शेवटी जातो. आपल्या वस्त्यांत, पाड्यांत आज कोणते बोल उरले आहेत हे पाहिले तर आपण पडझडीच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते कळेल. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती या टप्प्याचे भान आल्यामुळेच.

कोणी म्हणेल, बोल गेले तर गेले. पोट कोणत्याही भाषेत भरता येते. त्यांच्यासाठी एकच शब्द पुढे ठेवतो: ‘निस्तार’. जुन्या मध्यप्रांतातील हा शब्द. घरासाठी लाकूडफाटा, बल्ल्या, बांबू, गवत, गुरांची चराई, हे गावाने जंगलातून घ्यायचे, याला निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. गावाचे हे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये सामूहिक हक्क सांगताना ‘निस्तार’ हाच शब्द आला आहे, आणि तो हक्क कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी चालेल, असे कायदा म्हणतो. याचा अर्थ कायद्यानेच गावाला विचारले आहे: तुमच्याकडे याला काय म्हणत?

हा प्रश्न दलितांसाठी अधिक निकडीचा आहे. या कायद्यात अनुसूचित जमातीखेरीज इतरांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जंगलात राहून त्यावर उपजीविका केल्याचे दाखवावे लागते. आमच्या आजोबांजवळ पंचाहत्तर वर्षांचा कागद कोठून असणार? नियमांत एकाहून अधिक पुरावे मागितले आहेत. त्यांत दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हाही एक पुरावा मानला आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे बोलणे हा पुरावा आहे. कोणत्या नाल्यापलीकडे मोह वेचायचा, कोणत्या झाडाखाली गुरे थांबवायची, कोणत्या वाटेला काय म्हणत, कोणाची पाळी केव्हा असे, हे सारे ठरलेल्या बोलांतच साठविलेले असते. जबाब घ्यायला गेलेला आमचाच शिकलेला तरुण त्या बोलांना ‘अशुद्ध’ समजून आपल्या पुस्तकी मराठीत बदलतो. ‘आम्ही वनोपजांचे संकलन करीत असू’ असे लिहितो. त्या वाक्यात गाव उरत नाही, काळ उरत नाही, माणूस उरत नाही. असा एकसाची जबाब कोणत्याही गावचा असू शकतो, आणि कोणत्याही गावचा असलेला पुरावा एका गावच्या कामाचा राहत नाही.

याच्या उलट, नवा बोल काय करू शकतो हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखविले. ‘मावा नाटे माटे सरकार’, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. चार गोंडी शब्द. लहान पोरांनी ती अख्खी उचलली, मोठ्यांनी ग्रामसभेत वापरली, आणि २००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तेव्हा त्या बोलाला कायद्याचे बळ आले. घोषणेने जंगल मिळाले असे मी म्हणत नाही. ते संघटनेने आणि चिकाटीने मिळाले. परंतु प्रत्येक बैठकीत तोच बोल उच्चारल्याने आपण अर्जदार नसून सरकार आहोत ही सवय गावाला लागली. ‘मायबाप सरकार’ या बोलाची सवय त्याशिवाय सुटली नसती.

तेव्हा करायचे काय? शिक्षकांना माझे सांगणे असे की वाक्प्रचारांची यादी फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना त्यांच्या घरचे बोल विचारावेत, आणि शुद्धलेखनाची रेघ मारताना वाक्प्रचार बरोबर असेल तर त्याचे गुण द्यावेत. विद्यार्थ्यांनी घरच्या वृद्धांकडून बोल लिहून घ्यावेत. मात्र ‘बोल व अर्थ’ अशा दोन रकान्यांत नव्हे. रकाने चार हवेत: बोल काय, कोण म्हणे, कोणाला म्हणे, उत्तर काय येई. चौथा रकाना भरला की कोणता बोल ठेवायचा, कोणता बदलायचा आणि कोणता कोशात बंद करायचा, हे ठरवायला वेगळ्या पंडिताची गरज पडणार नाही. कार्यकर्त्यांनी वनहक्काचे जबाब घेताना म्हाताऱ्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात लिहावेत, मग खाली हवा तर प्रमाण मराठीत खुलासा द्यावा. आणि हे काम लवकर करावे. ज्यांनी १९५६ ची दीक्षा तरुणपणी घेतली आणि मालगुजारीचे अखेरचे दिवस पाहिले, ती माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. गावोगावी अशी दोन-चार माणसेच उरली आहेत. या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसणे शक्य आहे.